एकजीव, पण किती? : अन्ननमुन्यांच्या पूर्वतयारीचा आढावा

अन्नपदार्थाच्या तपासणी अहवालाच्या शेवटी एक आकडा असतो. अमुक कीटकनाशक किलोमागे इतके मिलिग्रॅम, अमुक विष इतके मायक्रोग्रॅम. हा आकडा देणाऱ्या यंत्रात प्रत्यक्षात अर्काचे काही मायक्रोलिटर जातात. तो अर्क दहा-पंधरा ग्रॅम पदार्थातून काढलेला असतो, ते ग्रॅम किलो-दोन किलोच्या नमुन्यातून उचललेले असतात, आणि तो नमुना कित्येक टनांच्या मालातून आलेला असतो. मालापासून नमुन्यापर्यंतच्या प्रवासावर व्यापारी, निरीक्षक आणि न्यायालये यांची नजर असते. अर्कापासून आकड्यापर्यंतच्या प्रवासावर रसायनशास्त्रज्ञांची असते. मधला टप्पा, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना सोलणे, चिरणे, दळणे, एकजीव करणे आणि त्यातला चाचणीपुरता अंश उचलणे, बराच काळ कनिष्ठ कर्मचाऱ्याचे काम समजला गेला.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत ही समजूत बदलली. किती बारीक दळायचे, कोणत्या तापमानाला, चाचणीला किती ग्रॅम घ्यायचे आणि नमुना पुरेसा एकजीव झाला हे कसे दाखवायचे, या चार प्रश्नांवर आज बरेच संशोधन झाले आहे, तरी एकमत पूर्ण नाही. बुरशीजन्य विषे आणि कीटकनाशकांचे अवशेष या दोन क्षेत्रांत ही चर्चा सर्वाधिक रंगली. हा आढावा मुख्यतः त्यांचाच आहे.

पार्श्वभूमी : एका दाण्याचा हिशेब

1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत बुरशीने तयार केलेले विष सापडले. ते पुढे अफ्लाटॉक्सिन म्हणून ओळखले जाऊ लागले. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, तेव्हा हा विषय भारताच्याही दारात आला.

विष ओळखण्याच्या पद्धती लवकरच बसल्या, पण एकाच पोत्यातल्या दोन नमुन्यांचे निकाल जुळेनात. त्याचे कारण विषाच्या विखुरण्यात होते. बुरशी सगळ्या दाण्यांना सारखी लागत नाही. बहुतेक दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्याच दाण्यात विष साठलेले असते. 1960 च्या दशकातच एकेका शेंगदाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन मोजले गेले होते. हिशेब करून पाहावा. असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा म्हणजे 500 मायक्रोग्रॅम विष. तो 20 किलोंच्या नमुन्यात, म्हणजे सुमारे 40 हजार दाण्यांत, असेल तर सरासरी किलोमागे 25 मायक्रोग्रॅम भरते. प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्याची कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या आयोगाची, मर्यादा 15 आहे. म्हणजे 40 हजारांतला एक दाणा सगळा नमुना नापास करू शकतो. तोच दाणा अर्ध्या किलोच्या नमुन्यात आला तर आकडा 1000 होतो, न आला तर शून्य. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. शेंगदाण्याच्या पोत्याला हा नियम लागू पडत नाही.

अमेरिकेच्या कृषी विभागात, नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्या थॉमस व्हिटकर यांनी 1970 च्या दशकापासून या तफावतीची फोड केली : किती तफावत मालातून नमुना घेताना येते, किती दळून अंश उचलताना, आणि किती यंत्रावर. सर्वांत मोठा वाटा पहिल्याचा, त्याखालोखाल दुसऱ्याचा आणि सर्वांत लहान तिसऱ्याचा निघाला. प्रयोगशाळांचा सगळा खर्च आणि काळजी मात्र तिसऱ्यावर एकवटली होती. या अभ्यासांचा ठसा आजच्या नियमांवर दिसतो. अमेरिकेत शेंगदाण्याच्या एका लॉटमागे 21.8 किलोंचे नमुने घेतले जातात. युरोपीय नियमांत एकत्रित नमुना 20 किलोंपर्यंत जातो, आणि प्रयोगशाळेत आलेला नमुना पूर्णच्या पूर्ण बारीक दळून मिसळावा अशी सक्ती आहे. पिशवीतून मूठभर काढून दळणे चालत नाही.

सिद्धान्त आला तो खाणींतून. फ्रेंच रसायनज्ञ पिअर गी (1924–2015) यांनी खनिजांच्या नमुन्यांसाठी मांडलेल्या सूत्राचा गाभा असा : नमुन्यातली मूलभूत चूक कणाच्या आकाराच्या घनाशी जोडलेली असते. कण 4 मिलिमीटरवरून 1 मिलिमीटरवर आणला, तर तेवढ्याच अचूकतेला लागणारे वजन 64 पटींनी कमी होते. दळणाला एवढे महत्त्व का, याचे हे सर्वांत नेमके उत्तर आहे. अन्नविश्लेषणाने हा सिद्धान्त उशिरा, आणि काहीसा हात राखूनच, स्वीकारला.

तिसरा धागा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले विल्यम हॉर्विट्झ यांचा. अनेक प्रयोगशाळांचे एकाच पदार्थावरचे निकाल तपासून 1980 मध्ये त्यांनी दाखवले की पदार्थातले प्रमाण शंभर पटींनी कमी झाले की निकालांतली सापेक्ष तफावत दुप्पट होते. दहा लाखांत एक भाग असेल तर सुमारे 16 टक्के, अब्जात एक भाग असेल तर सुमारे 45 टक्के. हे आकडे आजही मापदंड म्हणून वापरले जातात. मात्र अशा सामूहिक चाचण्यांत सर्वांना आधीच एकजीव केलेला पदार्थ वाटला जातो. त्यामुळे दळणाची चूक या तफावतीत धरलेलीच नसते.

आधी ठरवायचे : कोणता भाग अन्न?

दळण्यापूर्वी काय दळायचे हे ठरवावे लागते. कीटकनाशकांसाठी कोडेक्सने 1993 च्या मार्गदर्शक सूचनांत पदार्थनिहाय भाग ठरवून दिले. केळे सालीसकट दळायचे. आंब्याची कोय काढायची, पण अवशेषाचे प्रमाण कोयीसह पूर्ण फळावर मांडायचे. द्राक्षांचे देठ काढायचे, साल आणि बिया ठेवायच्या.

यामागचा एक विचार व्यापाराचा आहे. माल जसा विकला जातो तशीच मर्यादा तपासली, तर दोन देशांचे निकाल ताडून पाहता येतात. दुसरा विचार आहाराचा आहे. माणूस केळ्याची साल खात नाही, तेव्हा त्याच्या पोटात किती गेले हे गराच्या तपासणीशिवाय कळणार नाही. दोन्ही बाजू आपापल्या हेतूला धरून बरोबर आहेत. म्हणूनच मर्यादा तपासण्यासाठी एक आकडा आणि धोका मोजण्यासाठी दुसरा, अशी विभागणी रूढ झाली.

पोषणमूल्यांच्या तपासणीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक कोष्टकांत 528 पदार्थ आहेत. त्यासाठी देशाचे सहा विभाग पाडून नमुने गोळा करण्यात आले. अनेक ठिकाणचे नमुने एकत्र करून दळले की सरासरी चांगली मिळते, पण जातींमधला आणि हंगामांमधला फरक त्या पिठात विरून जातो. एकजीव करण्याची ही एक अटळ किंमत आहे.

दळण : कोरडे की ओले?

शेंगदाणा, पिस्ता, बदाम असे तेलकट पदार्थ दळणाऱ्याची परीक्षा पाहतात. यंत्र थोडे जास्त फिरले की पाती तापतात, तेल सुटते आणि कुटाचा गोळा होऊन पात्याखाली बसतो. वरचे दाणे मग अर्धे-कच्चे फिरत राहतात. गोळ्यातून उचललेला अंश आणि वरून उचललेला अंश एकाच नमुन्याचे वाटत नाहीत. डिकन्स आणि सॅटरव्हाइट यांनी 1969 मध्ये शेंगदाण्यासाठी बनवलेल्या गिरणीने यावर तोड काढली. त्यात दाणे फुटता फुटता ठराविक हिस्सा आपोआप बाजूला पडतो. कोरड्या दळणाची ही परंपरा अमेरिकेत रुजली.

युरोपातल्या अनेक प्रयोगशाळा दुसऱ्या वाटेने गेल्या. नमुन्यात पाणी घालून वेगवान पात्यांनी त्याचा पातळ लगदा करायचा. 2006 मध्ये स्पान्येर आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्या. लगद्यातले कण अधिक बारीक आणि अंशाअंशांतली तफावत कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कोरड्या बाजूचे म्हणणेही वजनदार आहे. पाणी घातलेला नमुना टिकत नाही, त्यातून पुढे आर्द्रता किंवा स्निग्धांश मोजता येत नाही, आणि पाण्याचे प्रमाण चुकले की अंतिम आकडाच चुकतो. धान्यासारख्या कोरड्या पदार्थाला लगद्याची गरजही कमी. त्यामुळे आज साधारण तडजोड अशी दिसते : विषाची तपासणी आणि तेलकट पदार्थ असेल तर लगदा, एकाच नमुन्यातून अनेक घटक काढायचे असतील तर कोरडे पीठ.

कोरड्या दळणात दोन साध्या चुका अजून आढळतात. पहिली चाळणीची. भरड उरली म्हणून फेकून दिली की कोंडा, साल, टरफल यांचा वाटा नमुन्यातून गळतो. भरड पुन्हा दळून सगळाच्या सगळा नमुना चाळणीखाली उतरवणे हीच पद्धत आहे. दुसरी चूक दळून झाल्यावरची. एकजीव झालेले पीठ बरणीत हलत राहिले की जड आणि हलके, बारीक आणि मोठे कण पुन्हा वेगळे होऊ लागतात. वरून चमचाभर उचलणे म्हणूनच सर्वांत वाईट. नमुना विभागणाऱ्या खाचांच्या किंवा फिरत्या विभाजकाचे निकाल त्याहून कितीतरी भरवशाचे असतात, हे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे.

थंडीत की खोलीच्या तापमानाला?

फळे-भाज्यांचा प्रश्न वेगळा, तो तापमानाचा. द्राक्षे हे त्याचे जवळचे उदाहरण. पुण्याजवळ मांजरीला असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हे निर्यातीच्या द्राक्षांतल्या अवशेष नियंत्रणासाठीचे राष्ट्रीय संदर्भ केंद्र आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अवशेषांवरून युरोपात भारतीय द्राक्षे अडली, तेव्हा ‘रेसिड्यू’ हा शब्द नाशिक-सांगलीच्या बागायतदारांच्या रोजच्या बोलण्यात पक्का झाला. एका निकालावर कंटेनर अडू शकतो, त्यामुळे निकालामागची तयारी हा इथे निव्वळ शास्त्रीय मुद्दा उरत नाही.

द्राक्षांचा घड खोलीच्या तापमानाला मिक्सरमध्ये फिरवला की त्याचा रस होतो आणि त्यावर सालीचे तुकडे तरंगतात. फवाऱ्याचा बराचसा अवशेष सालीवर असतो. डावाने किंवा नळीने अंश घेताना रस जास्त आला आणि साल कमी आली, की निकाल खाली सरकतो. गोठवलेली द्राक्षे कोरड्या बर्फासोबत, उणे 78 अंशांना, फिरवली की साल, गर, बी सगळे ठिसूळ होऊन फुटते आणि पांढरी भुकटी हाती येते. भांडे झाकण सैल ठेवून फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवतात, म्हणजे उरलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मग भुकटी गोठलेली असतानाच वजन करायचे. उशीर झाला तर हवेतले पाणी तिच्यावर बसते आणि वजन फुगते.

थंडीचा दुसरा फायदा रासायनिक आहे. पेशी फुटल्या की वनस्पतीतली विकरे आणि आम्ल अवशेषांच्या संपर्कात येतात. कॅप्टन, फोलपेट, क्लोरोथॅलोनिल, डायक्लोफ्लुआनिड ही बुरशीनाशके अशा वेळी झपाट्याने घटतात. ब्रिटनमध्ये हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 च्या सुमारास, पुढे फसेल आणि सहकाऱ्यांनी हे पद्धतशीर दाखवले. घट होते ती दळताना. अर्क काढण्याच्या पद्धतीची अचूकता तपासताना मात्र शुद्ध रसायन आधीच दळलेल्या लगद्यात मिसळतात. त्यामुळे ही घट त्या तपासणीत दिसतच नाही.

खोलीच्या तापमानाच्या बाजूने बोलणारे हे निष्कर्ष नाकारत नाहीत. बहुसंख्य कीटकनाशके एवढी नाजूक नाहीत, आणि लगदा होताच अर्क काढायला घेतला तर घट फारशी होत नाही, असे त्यांचे म्हणणे. कोरडा बर्फ रोज मिळणे, तो साठवणे, बंद खोलीत त्याचा वायू साचू न देणे आणि गोठवण्यातला जास्तीचा दिवस, हे सारे हंगामात शेकडो नमुने हाताळणाऱ्या प्रयोगशाळेला परवडायला हवे. युरोपीय संघाच्या मार्गदर्शक सूचना थंड दळणाची शिफारस करतात, पण सरसकट सक्ती करत नाहीत. प्रयोगशाळेने आपल्या पद्धतीत घट होत नाही हे दाखवावे, एवढीच त्यांची अपेक्षा.

जिथे एकजीव करणेच घातक

काही घटकांसाठी दळणे हाच शत्रू ठरतो. मॅन्कोझेबसारखी डायथायोकार्बामेट बुरशीनाशके फळ-भाजीच्या रसाच्या संपर्कात येताच विघटन पावतात. म्हणून त्यांच्यासाठी नमुना दळत नाहीत. फळांच्या फोडी करून त्या तशाच तपासायला घेतात आणि बाहेर पडणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात. तफावत वाढते, पण ती स्वीकारली जाते, कारण पर्याय म्हणजे अवशेषच गमावणे. क जीवनसत्त्वाचेही तसेच. हवा आणि विकरे यांच्यापासून ते वाचवायला दळतानाच मेटाफॉस्फोरिक आम्ल घालावे लागते.

जड धातूंच्या तपासणीत धोका उलटा. इथे काही कमी होत नाही, भर पडते. स्टेनलेस स्टीलच्या पात्यांतून लोह, क्रोमियम, निकेल नमुन्यात उतरते, टंगस्टन कार्बाइडमधून कोबाल्ट. त्यासाठी टायटॅनियम किंवा सिरॅमिकची पाती आणि टेफ्लॉनची भांडी वापरतात. अमेरिकेत मानवी यकृताच्या नमुन्यांसाठी झाइसलर आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये मांडलेली टेफ्लॉनमधली अतिशीत दळण्याची पद्धत या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा मानली जाते.

सूक्ष्मजीव तपासणीत जंतू जिवंत राहायला हवेत. वेगवान पात्यांची उष्णता त्यांना सोसत नाही. 1972 मध्ये शार्प आणि जॅक्सन यांनी स्टोमॅकर हे यंत्र मांडले. त्यात 25 ग्रॅम पदार्थ 225 मिलिलिटर द्रवासह पिशवीत घालून बाहेरून थापट्यांनी मळतात. पदार्थ बारीक होत नाही, पण जंतू द्रवात उतरतात.

दुधासारखा वरवर एकजीव दिसणारा पदार्थही याला अपवाद नाही. साय वर आलेली असते आणि बाटलीच्या कडेला चिकटलेली असते. म्हणून दूध 37–40 अंशांपर्यंत कोमट करून, या भांड्यातून त्या भांड्यात ओतून मिसळतात आणि मग निववतात. जोरात घुसळले तर लोणी सुटू लागते आणि स्निग्धांशाचा आकडा बिघडतो.

चाचणीचा अंश : दहा ग्रॅम की दोन?

2003 मध्ये आलेल्या ‘क्वेचर्स’ पद्धतीने कीटकनाशकांच्या तपासणीचा खर्च आणि वेळ एकदम खाली आणला. चाचणीचा अंश 10 ते 15 ग्रॅमांवर आला. आता यंत्रे एवढी संवेदनशील झाली आहेत की ग्रॅम-दोन ग्रॅमही पुरतात, द्रावक कमी लागते आणि कचराही कमी होतो.

अडचण गी यांच्या सूत्रात आहे. वजन घटवायचे तर कण तेवढेच बारीक हवेत. रसायनशास्त्रज्ञ स्टीव्हन लेहोटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन टप्प्यांचे दळण सुचवले : आधी मोठा नमुना कोरड्या बर्फात, मग त्यातला थोडा भाग द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांना. असे केल्यास एक-दोन ग्रॅमांतही स्वीकारार्ह तफावत मिळते, असा त्यांचा दावा आहे. शंका घेणाऱ्यांचा मुद्दा असा की हे निष्कर्ष काळजीपूर्वक दळलेल्या, मोजक्या पदार्थांवरचे आहेत. कोथिंबिरीच्या काड्या, मिरचीच्या बिया, आल्याचे तंतू रोजच्या घाईत तितके बारीक होतीलच असे नाही. बुरशीजन्य विषांच्या क्षेत्रात तर 25 ते 50 ग्रॅमांखाली उतरायला फारसे कोणी तयार नाही.

अनिश्चितता कोणाच्या नावावर?

नमुना पुरेसा एकजीव झाला हे दाखवण्याचे दोन संप्रदाय आहेत. गी यांच्या परंपरेतले, त्यांत डेन्मार्कचे किम एस्बेन्सन यांचे नाव ठळक, म्हणतात की चुका उगमापाशीच ओळखा आणि रोखा. चुकीच्या पद्धतीने घेतलेल्या नमुन्याची अनिश्चितता मोजण्याला अर्थ नाही. दुसरा संप्रदाय युराकेम या युरोपीय विश्लेषण-रसायन संघटनेच्या 2007 च्या मार्गदर्शिकेतून पुढे आला. तो म्हणतो, कारणे काहीही असोत, सगळी प्रक्रिया दोनदा करा, दोन निकालांतला फरक पाहा आणि तो आकडा अहवालात धरा. पहिल्याचा आग्रह प्रक्रिया सुधारण्यावर, दुसऱ्याचा आहे ती प्रक्रिया प्रामाणिकपणे मोजण्यावर. पहिल्यावर आक्षेप असा की त्याची सूत्रे अन्नासारख्या मऊ, ओलसर पदार्थांना नीट लागत नाहीत. दुसऱ्यावर असा की दोन्ही वेळा एकाच दिशेने झालेली चूक, म्हणजे सालीचे तुकडे दरवेळी वगळले जाणे, दोन निकालांच्या फरकात दिसतच नाही.

प्रयोगशाळांच्या क्षमतेसाठीच्या आयएसओ 17025 या मानकाच्या 2017 च्या आवृत्तीने अनिश्चितता मांडताना नमुना घेण्याचा वाटाही धरण्याची अपेक्षा केली. तरी बहुतेक अहवाल ‘प्रयोगशाळेत प्राप्त झालेल्या नमुन्यापुरते’ बोलतात, आणि प्रयोगशाळांची कसोटी पाहणाऱ्या आंतरप्रयोगशालेय क्षमता चाचण्यांतही तयार, एकजीव केलेला लगदाच पाठवला जातो. परिणामी दळणाचे कौशल्य कोणत्याच बाहेरच्या परीक्षेला फारसे बसत नाही.

भारतात या प्रश्नाला कायदेशीर बाजूही आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार नमुन्याचे चार भाग केले जातात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, चौथा व्यावसायिकाच्या मागणीवरून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊ शकतो. 1954 च्या जुन्या कायद्यात तीन भाग होत. ही वाटणी दुकानात होते, दळण्याआधी. तेल, साखर अशा पदार्थांना ती चालून जाते. शेंगदाणे, अख्खे मसाले किंवा मिश्र फरसाण असेल तर चारही भाग खरोखर वेगवेगळे असू शकतात, आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळले नाहीत म्हणजे एक चुकली असे ठरत नाही. ‘नमुना प्रतिनिधिक नव्हता’ हा बचाव न्यायालयांत वारंवार येतो, त्याचे एक मूळ इथे आहे. वाटणीआधी दळावे, तर साक्षी-मोहोरांची शृंखला दुकानातच कशी टिकवायची हा प्रश्न उरतो.

आज कुठे आहोत

काही गोष्टी आता वादातीत आहेत. संपूर्ण नमुना दळायचा, कण जितका मोठा तितका अंश मोठा घ्यायचा, आणि दळण्याची पद्धत घटकाप्रमाणे बदलायची. एका नमुन्यातून सगळे काही काढता येईल असा एकच लगदा नसतो, हेही बहुतेकांना मान्य आहे. मॅन्कोझेब आणि कॅप्टन दोन्ही तपासायचे असतील तर नमुन्याचे दोन भाग दळण्याआधीच करावे लागतात.

न सुटलेले प्रश्न तीन. चाचणीचा अंश किती खाली न्यायचा, हे पदार्थनिहाय ठरवणारी माहिती पुरेशी नाही, विशेषतः भारतीय मसाले, पालेभाज्या आणि तयार पदार्थांसाठी. दळताना होणारी घट पद्धतीच्या अचूकतेत कशी मोजायची, यावर सर्वमान्य रीत नाही. दळण्याआधीच अख्ख्या फळावर खूणरसायन सोडून पाहणे हा मार्ग आहे. अरपाड अंब्रुस यांच्यासह संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना (एफएओ) आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या गटाने किरणोत्सारी क्लोरपायरिफॉस वापरून तो चाचपला, पण रोजच्या कामात तो क्वचितच उतरला. तिसरा प्रश्न क्षमता चाचण्यांचा : अख्खी फळे किंवा दाणे पाठवले तर प्रत्येक प्रयोगशाळेला सारखाच नमुना मिळाला असे म्हणता येत नाही, आणि लगदा पाठवला तर दळण तपासले जात नाही.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नव्या यंत्रांतून येणार नाहीत. दळलेल्या प्रत्येक नमुन्यामागे कोणता भाग घेतला, कोणत्या तापमानाला दळला, कण किती बारीक झाला आणि किती ग्रॅम उचलले, या चार नोंदी निकालासोबत जपल्या गेल्या, तर निरनिराळ्या प्रयोगशाळांचा रोजचा अनुभव एकमेकांशी ताडून पाहता येईल. मतभेद असणाऱ्या सर्व गटांना आज मान्य होईल असा सुधारणेचा पहिला टप्पा बहुधा एवढाच आहे.